कोरड्या हवेचा विलंबच मोठा असतो: अंटार्क्टिकातील जीएनएसएस उंचीविषयी सविस्तर उत्तर

आपला प्रश्न मी असा समजलो आहे. शिर्माकरच्या उघड्या खडकावर, भारताच्या मैत्री केंद्राच्या परिसरात, आपला एक जीएनएसएस (जीपीएससारख्या उपग्रहांवरून स्थान ठरवणारा) रिसीव्हर आहे आणि उत्तरेकडे समुद्रावर तरणाऱ्या निवलीसेन या हिमफलकावर दुसरा आहे. दोन्हींचा विदा आपण आरटीकेलिब या गणनेच्या प्रोग्राममध्ये पीपीपी पद्धतीने (एकट्या रिसीव्हरवरून नेमके स्थान काढण्याच्या पद्धतीने), प्रोग्रामच्या मूळ सेटिंगवर सोडवला. दोन्हीकडची उंची हवामानाबरोबर वरखाली होताना दिसते. अंटार्क्टिकाची हवा अतिशय कोरडी असल्याने तपांबरातील, म्हणजे वातावरणाच्या खालच्या थरातील, उपग्रहसंदेशाच्या विलंबाचा अंदाज घेणे बंद करून ठरावीक मॉडेल वापरले तर हा गोंधळ थांबेल का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर नाही असे आहे. उलट त्याने खडकावरची चूक कित्येक पटींनी वाढेल, आणि हिमफलकावरच्या चढउतारांतला बराचसा भाग तर मुळात चूकच नसावा.

तपांबरातून येताना संदेशाला जो उशीर होतो त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग हवेच्या एकूण वजनाचा, म्हणजे वायुदाबाचा; यालाच कोरडा भाग म्हणतात. समुद्रसपाटीवर खमध्याच्या, म्हणजे थेट डोक्यावरच्या, दिशेने तो सुमारे २.३ मीटर असतो, मग जागा रत्नागिरी असो वा मैत्री. दुसरा भाग जलबाष्पाचा. कोकणात ऐन पावसाळ्यात तो ३५ ते ४० सेंटिमीटरपर्यंत जातो. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर तो काही सेंटिमीटर असतो आणि आतल्या उंच पठारावर सेंटिमीटरभरही भरत नाही. म्हणजे हवा कोरडी असल्यामुळे लहान भाग आणखी लहान होतो, मोठा भाग जागच्या जागी राहतो. उष्ण प्रदेशात काम केलेल्या माणसाचे सगळे लक्ष बाष्पाकडे लागलेले असते, कारण तिथे त्रास तेच देते. ध्रुवीय प्रदेशात ते लक्ष वायुदाबाकडे वळवावे लागते.

वायुदाबाचा भाग सोपा आहे, पण तो खरा वायुदाब दिला तरच. सास्तामॉइनेन यांचे १९७२ चे सूत्र आजही सर्वत्र वापरले जाते: वायुदाब हेक्टोपास्कलमध्ये घ्यावा, ०.००२२७६८ ने गुणावा, आणि अक्षांश व उंचीनुसार गुरुत्वाकर्षणाची किरकोळ दुरुस्ती करावी, की खमध्याचा विलंब मीटरमध्ये मिळतो. एक हेक्टोपास्कलची चूक म्हणजे सुमारे २.३ मिलिमीटर. ज्याचा वायुदाबमापक अर्ध्या हेक्टोपास्कलपर्यंत विश्वासार्ह आहे, त्याच्या हातात विलंबाचा हा मोठा भाग मिलिमीटरच्या आसपास आलेला असतो. या शास्त्रात इतक्या स्वस्तात इतकी अचूकता दुसरीकडे क्वचितच मिळते.

आता आपल्या प्रोग्रामने वायुदाब कुठून घेतला ते पाहू. आरटीकेलिबचे मूळ सास्तामॉइनेन मॉडेल प्रमाण वातावरण गृहीत धरते: समुद्रसपाटीला १०१३.२५ हेक्टोपास्कल आणि १५ अंश सेल्सिअस. बाष्पाचाही हिशेब करायचा असेल तर सापेक्ष आर्द्रता ७० टक्के. अंटार्क्टिका खंडाभोवती मात्र कमी दाबाचा एक कायमचा पट्टा असतो आणि किनाऱ्यावर समुद्रसपाटीचा सरासरी वायुदाबच ९८५ ते ९९० हेक्टोपास्कलच्या घरात असतो. वादळ आले की तो त्याहूनही बराच खाली जातो. समजा, समुद्रसपाटीपासून १३० मीटर उंचीवरच्या आपल्या अँटेनापाशी एखाद्या वादळी दिवशी ९६५ हेक्टोपास्कल वायुदाब आहे. प्रमाण वातावरण त्या उंचीला ९९७.७ सांगेल. सूत्रात घातल्यावर पहिल्यातून २.१९३ मीटर आणि दुसऱ्यातून २.२६७ मीटर विलंब मिळतो. फरक ७४ मिलिमीटर. उपग्रह जसा क्षितिजाकडे झुकतो तसा हा फरक वाढतो, आणि ५ अंश उन्नतांशावर (क्षितिजापासून मोजलेल्या कोनावर) तो सुमारे दहापट, म्हणजे पाऊण मीटर होतो. विमानवाहतुकीच्या उपग्रहीय साहाय्य प्रणालींसाठी ठरवलेल्या मॉडेलनेही ही अडचण सुटत नाही. त्याच्या तक्त्याची शेवटची ओळ ७५ अक्षांशाची आहे, तिथे सरासरी वायुदाब १०१३ हेक्टोपास्कल दिला आहे, आणि दक्षिण गोलार्धासाठी तोच तक्ता सहा महिन्यांनी सरकवून वापरायचा असतो. उत्तर ध्रुवीय प्रदेशात ते एक वेळ चालून जाईल. अंटार्क्टिकात ते बाराही महिने एकाच बाजूला चुकते.

बाष्पाच्या विलंबाचा अंदाज घेणे आपण बंद केले तर ही ७४ मिलिमीटरची चूक जाणार कुठे? ती उंचीत आणि रिसीव्हरच्या घड्याळाच्या चुकीत वाटली जाते, आणि उंचीच्या वाट्याला तिच्या तिपटीहून अधिक येते. म्हणजे अँटेना वीस सेंटिमीटरहून अधिक खाली गेल्याचे दिसेल. १५ अंश आणि ७० टक्के आर्द्रता धरून काढलेला १२ सेंटिमीटरचा बाष्पविलंबही त्यात मिळवला गेला, तर प्रत्यक्षात दोन-तीन सेंटिमीटर बाष्पविलंब असताना उंची अर्ध्या मीटरहून अधिक बिघडेल.

अंदाज चालू ठेवला तर प्रोग्राम ही चूक बरीचशी स्वतःच पोटात घेतो: बाष्पाच्या विलंबाची किंमत ७४ मिलिमीटरने कमी काढतो आणि हिशेब जुळवतो. तो पूर्ण जुळत नाही, कारण कोरड्या भागाचे आणि बाष्पाच्या भागाचे मॅपिंग फंक्शन, म्हणजे खमध्याचा विलंब तिरप्या दिशेला नेणारा गुणक, क्षितिजाजवळ वेगळे असतात. कोरडी हवा उंचीवर दूरपर्यंत पसरलेली असते आणि बाष्प जमिनीलगत असते, म्हणून ५ अंशांवर पहिला गुणक १०.१ च्या आसपास आणि दुसरा १०.७ च्या आसपास असतो. कोरड्या भागातली चूक बाष्पाच्या गुणकाने भरून काढली की या फरकाइतका अवशेष खालच्या उपग्रहांवर उरतो आणि उंची काही मिलिमीटर खाली सरकते. संवेदनशीलता दर हेक्टोपास्कलमागे ०.२ मिलिमीटरपर्यंत जाते. वरच्या उदाहरणातल्या ३३ हेक्टोपास्कलसाठी ते सहा-सात मिलिमीटर होतात. हिमनदीचा वेग मोजणाऱ्याला त्याने फरक पडणार नाही. बर्फाचे ओझे कमी झाल्याने खडक वर्षाला काही मिलिमीटर वर येतो का, हे शोधणाऱ्याला मात्र फार पडतो. आपले काम या दोहोंपैकी कोणते, हे प्रश्नात स्पष्ट नाही आणि पुढचे सगळे त्यावर ठरते.

इथे तपासणीची एक सोपी खूण हाती लागते. प्रोग्रामने काढलेला बाष्पविलंब वेळेनुसार आलेखात मांडून पाहा. एकूण विलंबाचीच फाइल मिळत असेल, तर त्यातून प्रोग्रामने गृहीत धरलेला कोरडा भाग वजा करा. उरलेली किंमत शून्याखाली गेली, तर ती भौतिकदृष्ट्या अशक्य आहे, कारण हवेत ऋण बाष्प असू शकत नाही. मिलिमीटर-दोन मिलिमीटरची ऋण किंमत हा गोंगाट समजावा. सलग कित्येक तास उणे तीस-चाळीस मिलिमीटर दिसले, तर आधी घेतलेला वायुदाब जास्त आहे असा निष्कर्ष काढायला हरकत नाही. अंटार्क्टिकाचा कोणताही विदा हाती आला की मी उंचीआधी हा आलेख पाहतो.

मग योग्य वायुदाब कुठून घ्यावा? अँटेनाशेजारी चांगला वायुदाबमापक असेल तर त्याला तोड नाही, पण तिथेही तीन ठिकाणी लोक फसतात. पहिले ठिकाण हवामान नोंदवहीचे. तिच्यात बहुधा दोन रकाने असतात, केंद्राच्या पातळीवरचा वायुदाब आणि समुद्रसपाटीला आणलेला वायुदाब. आपल्याला पहिला हवा. गार, जड हवेत १२० मीटरमागे सुमारे १५ हेक्टोपास्कलचा फरक पडतो, म्हणजे चुकीचा रकाना उचलला की ३५ मिलिमीटरचा विलंब चुकला. दुसरे ठिकाण उंचीचे. जीएनएसएसची उंची पृथ्वीचा आकार म्हणून धरलेल्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते आणि वायुदाबाची मॉडेले समुद्रसपाटीपासूनची उंची मागतात. रॉस समुद्राकडे या दोहोंत सुमारे ५० मीटरचा फरक आहे; तो विसरला तर सहा-साडेसहा हेक्टोपास्कल हातचे गेले. आपल्या जागेसाठी समुद्रसपाटीचे रूप देणाऱ्या जिऑइड मॉडेलमधून तो फरक काढून घ्या, अंदाजाने धरू नका. तिसरे ठिकाण वाऱ्याचे. हिमपठारावरून उतरणारे जड गार वारे मैत्रीला नेहमीचेच आहेत. सेकंदाला ४० मीटर वेगाच्या वाऱ्याचा गतिक दाब १० हेक्टोपास्कलपर्यंत जातो, आणि वायुदाबमापकाची नळी नुसतीच पेटीबाहेर काढून ठेवली असेल तर त्यातला काही हिस्सा नोंदीत शिरतो. नळी वाऱ्याच्या तोंडाशी असेल तर नोंद वाढते, आडोशाला असेल तर घटते. नळीच्या टोकाला वाऱ्याचा परिणाम काढून टाकणारे स्थिर-दाब तोंड बसवलेले असावे, आणि ते भुरभुऱ्या बर्फाने बुजलेले नाही हे पाहत राहावे. वायुदाब आणि वाऱ्याचा वेग यांचे आलेख एकाखाली एक ठेवले की ही बाधा लगेच दिसते.

वायुदाबमापक नसेल, किंवा हिवाळ्यात मध्येच बंद पडला असेल, तर युरोपीय मध्यमपल्ला हवामान केंद्राचे ईआरए५ पुनर्विश्लेषण घ्यावे. त्यात दर तासाची मूल्ये मिळतात. त्याच्या चौकटी सुमारे ३१ किलोमीटरच्या आहेत आणि शिर्माकर हा हिमफलक आणि दक्षिणेकडे चढत जाणारी हिमचादर यांच्यामधला चिंचोळा खडकाळ पट्टा आहे, त्यामुळे मॉडेलमधली जमिनीची उंची आपल्या खऱ्या उंचीशी जुळणार नाही. जमिनीचा वायुदाब जसाच्या तसा उचलू नका. मॉडेलच्या थरांतून किंवा उंचीच्या सूत्राने तो अँटेनाच्या उंचीला आणा. काही दिवस दोन्ही उपलब्ध असतील तर मी मापक आणि मॉडेल यांचा फरक पाहतो. तो स्थिर असेल तर मॉडेलवर विश्वास ठेवून पोकळी भरायला हरकत नाही.

मॅपिंग फंक्शनबाबत माझे मत स्पष्ट आहे: ध्रुवीय प्रदेशात १९९६ चे नील यांचे फंक्शन वापरू नये. ते अक्षांश, उंची आणि वर्षातला दिवस एवढ्यावरच चालते, १५ ते ७५ अंशांच्या पट्ट्यासाठी बसवलेले आहे, आणि उत्तर व दक्षिण गोलार्ध एकमेकांचे आरसे आहेत असे मानते. पण एकीकडे समुद्राने व्यापलेला उत्तर ध्रुव आणि दुसरीकडे हजारो मीटर जाडीचा हिमखंड, यांच्यावरच्या हवेची रचना सारखी कशी असेल? अंटार्क्टिकात हिवाळ्यात जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा कितीतरी गार असते, पठारावर तर हा फरक वीस अंशांहूनही अधिक होतो, त्यामुळे जमिनीवरच्या तापमानावरून वरच्या थरांचा अंदाज बांधणारी कोणतीही पद्धत इथे लंगडी पडते. जमिनीवरच्या आर्द्रतेवरून बाष्पविलंब काढू नये तोही याच कारणाने, शिवाय इतक्या थंडीत आर्द्रतामापकांवर फार भरवसा ठेवता येत नाही. व्हिएन्ना तंत्रविद्यापीठाची व्हीएमएफ१ आणि २०१८ ची व्हीएमएफ३ ही फंक्शने हवामान मॉडेलमधून दर सहा तासांनी काढलेली असतात, ती वापरावीत. जाळीच्या फाइली घेतल्या तर त्यांतला कोरडा विलंब जाळीच्या स्वतःच्या उंचीचा असतो, तो आपल्या अँटेनाच्या उंचीला आणणे पुन्हा आलेच. आरटीकेलिबच्या मूळ रूपात ही सोय नाही. त्यामुळे खडकावरच्या स्थानकासाठी गॅमिट, बर्नीज किंवा जिप्सीएक्स या प्रोग्रामांपैकी जे हाताशी असेल ते घ्यावे. तेही नसेल तर कॅनडा सरकारच्या नैसर्गिक संसाधन विभागाची मोफत पीपीपी सेवा आहे. तिचे उत्तर निदान तुलनेला तरी ठेवावे.

उपग्रहांच्या मांडणीचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात उशिरा येतो. जीपीएसच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांनी कललेल्या आहेत, म्हणून उपग्रह ५५ अक्षांशापलीकडे डोक्यावर कधीच येत नाहीत. ध्रुवावर जीपीएसचा उपग्रह फार तर ४५ अंश उन्नतांशापर्यंत चढतो आणि मैत्रीच्या अक्षांशावर सुमारे ७० पर्यंत. उपग्रह सगळ्या दिशांना भरपूर दिसतात, ध्रुवापलीकडचेही दिसतात, पण ते खाली असतात. उंची, घड्याळाची चूक आणि तपांबराचा विलंब या तीन अज्ञातांना एकमेकांपासून वेगळे करायचे तर वरचे आणि खालचे असे दोन्ही उपग्रह लागतात. वरचे निसर्गतःच कमी आहेत, आणि गोंगाट नको म्हणून आपण कटऑफ, म्हणजे ज्याखालचे उपग्रह वगळायचे तो उन्नतांश, १५ अंशांवर नेला तर खालचेही जातात, मग ही तीन मूल्ये एकमेकांत इतकी गुंततात की सांख्यिकीय चूक लहान दिसत असूनही उंची भरकटत राहते. मी कटऑफ ५ ते ७ अंश ठेवतो आणि उन्नतांशानुसार वजन कमी करत नेतो. त्याहून खाली जात नाही, कारण बर्फाच्या सपाट पृष्ठभागावरून परावर्तित होणारे संदेश तिथे फार त्रास देतात. ग्लोनास या रशियन प्रणालीच्या कक्षा ६४.८ अंशांनी कललेल्या असल्याने ते उपग्रह इथे अधिक वर चढतात. रिसीव्हर ते घेत असेल तर ते वगळू नका.

बाष्पविलंबाला वेळेनुसार किती मोकळे सोडायचे, याचे एकच उत्तर नाही. बऱ्याच ठिकाणी तासाच्या वर्गमुळामागे २० मिलिमीटर इतकी सूट दिलेली असते. कोरड्या थंड हवेला ती फार होते. स्थिर खडकावर मी ३ मिलिमीटरच्या आसपास ठेवतो. हिमनदीवरचा किंवा हिमफलकावरचा रिसीव्हर दर क्षणाला वेगळ्या जागी असतो, तिथे सैल सूट दिली तर खरी हालचाल बाष्पविलंबात शिरते आणि फार आवळली तर वादळाचा विलंब उंचीत शिरतो. अशा वेळी जवळच्या खडकावरच्या स्थानकाचा विलंब काढून, उंचीची दुरुस्ती करून, तो हलत्या रिसीव्हरला द्यावा. किंवा अंतर वीस-तीस किलोमीटरच्या आत असेल तर पीपीपी सोडून त्या स्थानकाच्या सापेक्ष गणना करावी, म्हणजे वायुदाबातली सामाईक चूक जवळजवळ पूर्ण जाते. विलंबाच्या उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम उतारांचा अंदाजही चालू ठेवा. एका बाजूला उंच हिमचादर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असताना सगळ्या दिशांना हवा सारखी असणे शक्य नाही.

आता निवलीसेनवरच्या रिसीव्हरकडे येतो, कारण तिथे चूक समजून खरी हालचाल पुसून टाकण्याचा धोका आहे. हिमफलक तरता आहे. भरती-ओहोटीबरोबर तो वरखाली होतोच, शिवाय वायुदाब एक हेक्टोपास्कल उतरला की समुद्राची पातळी, आणि तिच्यासोबत हिमफलक, सुमारे एक सेंटिमीटर वर येतो. दोन-तीन दिवस टिकलेल्या वादळात ३० हेक्टोपास्कल वायुदाब उतरला तर अँटेना खरोखरच तीसेक सेंटिमीटर उचलली गेलेली असते. खडकावर चुकीच्या वायुदाबाचा परिणाम उलट दिशेने होतो, हे वर आलेच आहे: खरा वायुदाब उतरलेला आणि गृहीत वायुदाब तसाच, तर अँटेना खाली गेल्याचे दिसते. म्हणून भरती-ओहोटी काढून टाकल्यावर दोन्ही उंचीमालिका वायुदाबाशेजारी मांडून पाहा. वायुदाब उतरताना हिमफलकावरची उंची चढत असेल आणि उतार दर हेक्टोपास्कलमागे सेंटिमीटरच्या जवळ असेल, तर तो समुद्राचा प्रतिसाद आहे, त्याला हात लावू नका. खडकावरची उंची त्याच वेळी काही मिलिमीटर घसरत असेल, तर ती आपल्या मॉडेलची चूक आहे.

खडकाच्या बाबतीत एक गुंतागुंत आहे. वायुदाब उतरला की भूकवचावरचा भारही हलका होतो आणि खडक थोडा वर येतो. जीपीटीसारखे सरासरी वायुदाब देणारे मॉडेल वापरले, तर रोजच्या चढउतारांमुळे होणारी चूक या खऱ्या हालचालीच्या विरुद्ध दिशेने जाते आणि दोन्ही अंशतः एकमेकांना खाऊन टाकतात. उंचीमालिका शांत दिसते आणि माणूस समाधानी होतो. मोजलेला वायुदाब घातल्यावर ती किंचित अधिक हलू लागली, तर दचकून मागे फिरू नका. भूकवचावरच्या वातावरणीय भाराची दुरुस्ती वेगळी लावा आणि मग तुलना करा.

आयनांबराविषयी, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराविषयी, आपण विचारलेले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. दोन वारंवारितांचा रिसीव्हर असेल तर त्याचा मुख्य विलंब गणितातच नाहीसा होतो. ध्रुवीय ज्योतींच्या पट्ट्यात खरा त्रास संदेशाच्या कलेतील (फेजमधील) जलद थरथरीचा असतो. तिच्यामुळे मोजणीची साखळी तुटते, आणि प्रत्येक तुटीनंतर प्रोग्राम उंची व विलंब पुन्हा नव्याने वेगळे करू लागतो. वादळी हवामान नसताना उंचीत अचानक पायरी दिसली, तर त्या वेळची भूचुंबकीय नोंद पाहा. आपल्याकडे मैत्रीच्या भूचुंबकीय नोंदी नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे असतात. अँटेनाच्या घुमटावर साचलेला बर्फ हे उंची बदलल्याचा भास होण्याचे आणखी एक कारण आहे. तो साचताना उंची हळूहळू सरकते आणि वाऱ्याने झडला की एकदम मूळ जागी येते, वायुदाबाशी तिचा मेळ बसत नाही.

आपल्या जागी असतो तर मी आधी खडकावरच्या स्थानकाचा एखादा वादळी आठवडा घेतला असता, केंद्राच्या पातळीवरचा वायुदाब अँटेनाच्या उंचीला आणून तो गणनेत घातला असता, आणि बाष्पविलंब शून्याच्या वर आला का एवढेच पाहिले असते. तो आला की मग मॅपिंग फंक्शन आणि सूट यांकडे वळावे. त्या आठवड्याची विलंबाची फाइल, वायुदाबाचा रकाना आणि वापरलेला कटऑफ एवढे कळवले, तर हिमफलकावरच्या मालिकेतला किती भाग खरा आहे, यावर अधिक नेमके लिहिता येईल.